गाऱ्हाण्यातला नकार

लोक मला भांडकुदळ म्हणतात. म्हणोत बापडे. ग्रामपंचायतीत मी दोनदा निवडून गेले आणि भांडल्याशिवाय एक काम झालं असेल तर शपथ. सड्याखालच्या झऱ्याचं पाणी नळाने खालच्या वाडीला न्यायचं ठरवलं, तेव्हा आमच्या आळीतल्या शहाण्यांनी विचारलं, "त्यांना कशाला?" तहान लागते म्हणून, मी म्हटलं. त्या नळापायी माझ्या थोरल्या जावेने माझ्याशी अबोला धरला. एकाच घरात राहायचो, पण मला काही सांगायचं तर ती मांजराला सांगायची.

मग सड्यावर एका चिरेखाणवाल्याची नजर पडली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, सगळ्या गावाचं सामायिक; द्यायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात. वर गुरांचं गवत, पोटात झऱ्याचं पाणी. चिरे कापले की झरा आटला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण गडी हुशार. तो सह्यांच्या मागे लागलाच नाही. देवळाचं छप्पर बांधून देतो म्हणाला आणि देवापुढे नारळ ठेवला. एकदा गाऱ्हाणं होऊन, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागून, गावाने 'व्हय म्हाराजा' असा होकार दिला, की पुढे सही नाकारायची कोणाची छाती?

देवळात सगळे जमले. पुरुष पुढे, त्यांच्यात खाणवालाही; आम्ही बायका मागे खांबांपाशी. खालच्या वाडीतलं कोणी नव्हतं. ज्यांचं पाणी जाणार, त्यांना बोलावणंच नव्हतं. गाऱ्हाणं घालायचा मान असलेले म्हातारे गावकर हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो नारळ मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!" पुरुष ओरडले.

"सड्याचा वेव्हार सुखासमाधानानं पार पडू दे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

हे मी ओरडले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण राग भीतीपेक्षा मोठा होता. पुढच्या सगळ्या माना मागे वळल्या. खाणवाला तेवढा हसला.

"बाय, देवासमोर असा बोलतात काय?" गावकर म्हणाले.

"तुम्ही अख्ख्या गावाच्या वतीनं मागताय ना? मग गाव इथं मागंही बसलाय. खालच्या वाडीतही हाय. त्यांना विचारलात?"

"एकटीच्या नाय म्हणण्यानं काय होतंय?" पुढून कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या खांबामागून माझी जाऊ उठली. माझ्याकडे बघितलंही नाही. देवाकडे बघून खणखणीत म्हणाली, "नाय म्हाराजा!" मग तिच्या मागची, मग कोपऱ्यातली, मग सगळ्याच बायका.

गावकरांनी जोडलेले हात सोडले. त्यांनी नारळ उचलला आणि न फोडता खाणवाल्याच्या हातात परत दिला. अर्ध्यावर राहिलेल्या गाऱ्हाण्याचा नारळ देव घेत नाही, म्हणाले. खाणवाल्याचं हसू तिथेच मावळलं.

तो पुन्हा येईल, ठाऊक आहे. येऊ दे. सडा जागेवर आहे आणि आम्हीही.

घरी आलो. जाऊ पडवीत बसली, मांजराला जवळ ओढलं आणि म्हणाली, "सांग तिला, पुढच्या येळेस आपण दोघी म्होरं बसायचा."