निळ्या ड्रेसवरची चिठ्ठी

टाचणीबाई हे काही खरं नाव नव्हे. शिवताना ओठांत चार टाचण्या आणि बोलताना जिभेवर पाचवी, म्हणून गिऱ्हाइकांनीच ते ठेवलं होतं. चौतीस वर्षं बाईंनी मशीन चालवलं, नवऱ्याच्या माघारी लेकीचं शिक्षण आणि लग्न त्या मशीनवरच केलं. दुकान म्हणजे एक खोली. खिडकीशी मशीन, दाराजवळ खुंटी. शिवून झालेला कपडा इस्त्री करून त्या खुंटीवर लागायचा आणि त्याच्या गळ्याशी टाचणीने चिठ्ठी. नाव, फोन नंबर, न्यायचा वार आणि वेळ. एकही कपडा कधी चुकीच्या हाती गेला नाही, याचा बाईंना कोण अभिमान!

दोन वर्षांपूर्वी लेकीने फोनवर दुकानाचं पेज उघडून दिलं. तेव्हापासून खुंटीवरच्या प्रत्येक कपड्याचा फोटो तिथे जायचा. गिऱ्हाइकं वाढली, बाई खूश. फोटोत चिठ्ठीही येते हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सोमवारी दुपारी जवळच्या हॉस्पिटलातली नर्स दुकानात आली. चेहरा पांढराफटक.

"मावशी, माझा नंबर कुणाला दिलात?"

"मी? अगं, जीव गेला तरी देणार नाही!"

नर्सने फोन पुढे केला. अनोळखी नंबरवरून मेसेज होता. 'गुरुवारी पाचला निळा ड्रेस न्यायला येणार ना? या वेळी बरीच लांब पळालीस.' खाली बाईंनीच टाकलेला फोटो, चिठ्ठी मोठी करून. एकेक आकडा स्पष्ट दिसत होता, आणि अक्षर बाईंचं.

मग सगळं बाहेर आलं. मेसेज पाठवणारा हा आधीच्या गावच्या एका पेशंटचा नातेवाईक. वॉर्डातून तिचा नंबर मिळवला आणि दिवसाला शंभर मेसेज सुरू केले. तिने नाही म्हटलं, तर तिच्या नावाने खोटं खातं काढून घाणेरडं लिहिलं. तिने खाती बंद केली, नंबर बदलला, नोकरी सोडून इथे आली. नवा नंबर तिघांकडेच होता. आई, हॉस्पिटल आणि टाचणीबाई. आईने त्या फोटोखाली कौतुकाने लिहिलं, 'माझ्या लेकीचा ड्रेस किती सुंदर झालाय!' आणि तो मेला आईच्या खात्यावर डोळा ठेवूनच बसला होता.

बाईंनी फोटो काढून टाकायला हात घातला. नर्सने अडवला. "आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घेऊ. पुरावा आहे तो."

दोघी चौकीत गेल्या. साहेबांनी जांभई देत विचारलं, "हा मेसेज त्यानेच पाठवला कशावरून? आणि ताई, तुम्ही त्या सोशल मीडियावर जाताच कशाला?"

"अहो, ती कुठेच नाहीये!" बाई कडाडल्या. "फोटो मी टाकला! तिने काय केलं? ड्रेस शिवायला दिला, एवढंच ना?" साहेबांनी अर्ज ठेवून घेतला.

गुरुवारी नर्स हॉस्पिटलातच थांबली. बाईंनी निळा ड्रेस मुद्दाम खुंटीवर लावला, चिठ्ठीशिवाय. पाचला पाच कमी असताना एक माणूस आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड हसू.

"तो निळा ड्रेस. माझ्या बायकोचा आहे. ती येईलच आता, तिला मीच देईन म्हणतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांतल्या टाचण्या त्यांनी टेबलावर थुंकल्या.

"नाव सांगा. नंबर सांगा."

"नंबर कशाला?"

बाईंनी फोन उचलून त्याचा फोटो काढला. हसू गेलं.

"ए बाई! न विचारता माझा फोटो काढतेस? डिलीट कर आधी!"

"अरे वा रे वा!" बाईंचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. "तुझा एक फोटो निघाला तर एवढा जीव वरखाली होतोय? त्या पोरीचं जगणं चव्हाट्यावर मांडलंस तेव्हा कुठे गेली होती ही लाज? बायको म्हणे! जीभ कशी झडत नाही तुझी!"

समोरचा इस्त्रीवाला धावत आला आणि शेजारच्या औषधवाल्याने दार अडवून चौकीला फोन लावला. पोलीस येईपर्यंत दोघं हलले नाहीत. आता साहेबांना 'कशावरून' म्हणायची सोय उरली नव्हती. गुन्हा नोंदवला. तिसऱ्या दिवशी तो जामिनावर बाहेर. तोंड लपवून पळायचं पुन्हा तिनेच. कसला हा न्याय!

गाव सोडून जाताना नर्स ड्रेस घ्यायला आली. बाईंनी तिला खुंटी दाखवली. चिठ्ठ्यांवर आता नुसते आकडे, एक, दोन, तीन. नावं आणि नंबर वहीत, वही कुलपात. फोटो गिऱ्हाइकाला विचारून, तोही नुसत्या कपड्याचा.

"चुकलंच गं माझं," बाई म्हणाल्या. "बरं, नवा नंबर तेवढा देऊन ठेव. खुशाली कळेल."

नर्स दारातच थबकली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"मावशी, रागावू नका..."

बाईंना कळलं. पण आवाज त्यांनी खणखणीत ठेवला.

"नको देऊस. कुणालाच देऊ नकोस. मलासुद्धा नाही."

ती गेली. बाई मशीनशी बसल्या आणि इतक्या जोरात पाय मारला की दोरा तुटला. दुकानातून एक गिऱ्हाईक नंबर न ठेवता गेलं होतं, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच.