गायिकेचं नाव: अक्का

धुळ्याच्या एका निवृत्त सरांसाठी मी वेबसाइट बनवली होती. त्यांनी गावोगावच्या बायांची हळदीची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करायची, साइटवर अपलोड करायची आणि प्रत्येक गाणं गाणारीच्या नोंदीला जोडायचं. पण बायांना नाव विचारलं की त्या म्हणायच्या, "लिखा ना, अक्का." सर पडले भिडस्त. तेही मुकाट्यानं 'अक्का' लिहायचे.

एकदा सरांना साफसफाईची हुक्की आली. एकाच गावच्या चार-चार अक्का बघून त्यांना वाटलं, एकच नोंद चुकून पुन्हापुन्हा झालीय. गावागणिक एक अक्का ठेवून बाकीच्या त्यांनी पुसून टाकल्या. वर मला फोन करून शाबासकी मागितली! मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आठवडाभरात तेच सर शिरपूरच्या एका बाईंना घेऊन जळगावला माझ्या ऑफिसात आले, तोंड एवढंसं करून. बाईंची आई थंडीत वारली होती. आता त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि मुलीनं हट्टच धरला होता, की आजीच्या गाण्याशिवाय हळद लावून घेणार नाही. साइटवर मात्र आजीची नोंदच नव्हती.

"ताई, मनी मायना आवाज शे का तठे?" बाईंनी विचारलं.

नोंद पुसली तरी फाईल पुसली जाऊ नये, अशी सोय मी आधीच करून ठेवली होती. तेव्हा 'कशाला उगाच अडगळ' म्हणून सरांनीच माझ्याशी वाद घातला होता. ते आत्ता मी त्यांना ऐकवलं नाही, पण फार जड गेलं. गिरणीत डब्यावरची चिठ्ठी पडली तरी पीठ डब्यातच असतं. कोणाचं ते तेवढं कळत नाही. तशा त्या बेवारस फाईली मी एकेक करून लावायला लागले.

सगळ्या फाईलींत हळदीचीच गाणी. बाई मान हलवत होत्या, नही, नही. माझा धीर सुटत चालला होता. सर तर खिडकीबाहेरच बघत बसले होते.

मग एका फाईलीत गाण्याआधीच एक म्हातारा आवाज आला, "पोरी, ह्या सरले पहिले चहा दे, मंग मी गाणं गास." आणि लांबून कोणीतरी ओरडलं, "ठेवस ना, माय!"

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "हाई त मी शे!"

माझ्या जिवात जीव आला. सरांनी तर चक्क डोळे पुसले, आणि त्यांच्यावरचा माझा राग तिथंच उतरला. मी नवी नोंद उघडली. बाईंनी आईचं पूर्ण नाव सांगितलं, ते सरांनी दोनदा वाचून पाहिलं.

"सुरुवातीचं बोलणं काढून टाकू का?" मी विचारलं. "हळदीला नुसतं गाणंच वाजेल."

"नही ताई," बाई घाईनं म्हणाल्या, "ते चहानं बोलणं बी राहू द्या."

मी फाईल नोंदीला जोडली, चहासकट.