गोविंदा रूळवाला

गोविंदाची आणि माझी पहिली भेट माझ्याच वर्गात, मी शिकवत असताना झाली. कळंबच्या शाळेत मी नवा होतो. माझं अक्षर बरं आहे, पण माझ्या ओळी पहिल्यापासून डोंगर चढत जातात. शाळेच्या खिडक्या दुरुस्त करायला आलेला एक काटकुळा माणूस बाहेरून बराच वेळ फळ्याकडे बघत होता. शेवटी त्याला राहवेना. बगलेत तीन हात लांबीची सागवानी पट्टी घेऊन तो सरळ आत आला, पट्टी फळ्याला लावली, वरपासून खालपर्यंत सात ओळी आखल्या आणि म्हणाला, "आता लिहा गुरुजी. तुमचे शब्द रूळ सोडून राह्यले होते." मुलं खिदळली. मला राग यायला हवा होता, पण ओळी फारच सरळ होत्या.

हे रूळ त्याने राजूरच्या कोळसा खाणीतून डोक्यात भरून आणले होते. तिथे आधी तो कोळशाचे डबे रुळांवरून ढकलायचा आणि मग खाणीतल्या सुतारशाळेत एका पंजाबी मिस्त्रीजवळ रंधा धरायला शिकला. फळीत लांब खाच पाडायची तर आमच्याकडचे सुतार रंधा धरून नजरेने पाडत. गोविंदा तसं करत नसे. तो फळीवर दोन पट्ट्या, त्यांतली एक बगलेतली सागवानी, शिकंज्यांनी घट्ट आवळी आणि त्यांच्यामधून एक लाकडी ठोकळा पुढेमागे ढकली. ठोकळ्याच्या पोटाला अरुंद पातं असे. दर फेरीला नखाएवढी ढलपी निघे. या यंत्राला त्याने 'राजूर' असं नाव ठेवलं होतं आणि ते कुणी उचललं तर त्याचा जीव खालीवर होई.

"हाताचा भरवसा नाई, गुरुजी," तो म्हणे. "सकाळी एक असते, जेवल्यावर दुसरा. रूळ कधी जेवत नाई."

पट्टी त्याच्या बगलेतून सुटतच नसे. न्हाव्याने कल्ले छाटले की हा कानापासून पट्टी लावून दोन्ही बाजू ताडून बघे. टरबूजसुद्धा त्याने माझ्यासमोर पट्टी धरून कापलं आहे. त्याची बायको सखूबाई एकदा मला म्हणाली, "भाकरीले कोपरे नसतात म्हणून वाचली, गुरुजी. नाईतर हा माणूस तव्यावर कोपरे मोजाचा गुण्या ठेवते."

पण गावाला त्याचं कौतुक नव्हतं. गावातले जुने सुतार पांडोबा. बाजाराच्या वाटेवर त्यांचं दुकान होतं. ते एक डोळा मिटून फळीच्या कडेवरून नजर फिरवत आणि नुसत्या हाताने अशी खाच पाडत की बघत राहावं. गोविंदाच्या घरच्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती. जुनी बलुत्याची कामं सोडून त्याने रंधा धरला, हेच काहींच्या डोळ्यांत सलत होतं. पांडोबा तसं बोलून दाखवत नसत. ते एवढंच म्हणत, "सुतारकी रक्तात लागते. पट्टी तं पोट्टेबी धरतात." त्यांनी त्याचं नाव 'रूळवाला' पाडलं आणि अख्ख्या गावाने ते उचललं. मिस्त्री म्हणून त्याला कुणी हाक मारत नसे. गोविंदा हसण्यावारी नेई. मला मात्र एकदा तो म्हणाला, "घरी सखू मिस्त्री म्हणते. पण तिचं मत धरत नाईत."

त्यामुळे त्याच्या वस्तीतल्या नव्या वाचनालयाचं कपाट त्याच्याकडे आलं तेव्हा ते नुसतं कपाट राहिलं नाही. वाचनालयाची जबाबदारी माझ्याकडे होती. कपाटाला सरकत्या काचा हव्या होत्या. गावात तसं कपाट कुणी केलेलं नव्हतं. वरच्या फळीत खोल खाचा, खालच्या फळीत उथळ. काच वर उचलायची, खाली टेकवायची, मग ती बोटाने सरकली पाहिजे. उद्घाटनाला सगळं गाव येणार होतं, पांडोबासुद्धा. "काच सरकली की मी मिस्त्री," गोविंदा म्हणाला. "अडकली तं जनमभर रूळवाला."

मे महिना होता. चार दिवस 'राजूर' खरखरत होतं. पाचव्या दिवशी आम्ही काच बसवली. ती वीतभर सरकली आणि मध्येच अडून बसली.

गोविंदाने खाचेला पट्टी लावून पाहिली. तंतोतंत. दुसऱ्या खाचेला लावली. तीही तंतोतंत. त्याने दिवसभर मोजमाप केलं आणि संध्याकाळी निकाल दिला, "पट्टी म्हणते बरोबर हाये. काच म्हणते नाई. म्हणजे काच वाकडी हाये, गुरुजी."

आणि मी शिकलासवरलेला माणूस, त्याचं ऐकून दुसऱ्या दिवशी ती काच मांडीवर घेऊन मोटारीने यवतमाळला गेलो. काच वाकडी आहे म्हणून मी तक्रार केली तेव्हा दुकानदाराने आधी काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला पाणी दिलं. उन्हाचा त्रास झाला असेल असं त्याला वाटलं. काच तशीच मांडीवर घेऊन मी परत आलो.

उद्घाटनाला तीन दिवस उरले होते. त्या संध्याकाळी गोविंदा पट्टी घेऊन पांडोबांच्या दुकानी गेला. मला सोबत नेलं, बहुधा मध्येच परत फिरू नये म्हणून. पांडोबांनी पट्टी हातात घेतली, पण डोळा मिटला नाही. त्यांनी एका फळीवर पट्टी ठेवून पेन्सिलने रेघ ओढली. मग पट्टी पालथी केली, तीच कड त्याच दोन टोकांना लावली आणि पुन्हा रेघ ओढली. दोन्ही रेघा टोकांना मिळाल्या होत्या आणि मध्ये त्यांच्यात तांदळाचा दाणा मावेल एवढी फट होती.

"कुठं ठेवतं हे?" पांडोबांनी विचारलं.

"टिनाले टेकून."

"उन्हात वाकली. वाकड्या पट्टीनं खाच पाडली आन् त्याच पट्टीनं मोजली. ते बरोबरच सांगन." मग रंधा घेऊन त्यांनी पट्टीची कड तीनदा तासली आणि परत केली. "तुह्या रुळाले सरळ कोण करते, हे कधी इचारलं नाई तू."

गोविंदा पट्टी घेऊन घरी आला. त्याने सगळ्या खाचा सागाच्या पातळ पट्ट्या सरसाने बसवून बुजवल्या आणि नव्याने पाडल्या. उद्घाटनाला काच सरकली. लोकांनी ती इतक्यांदा सरकवली की पुस्तकं कुणी पाहिलीच नाहीत. पांडोबांनीही बोटाने एकदा सरकवली आणि बुजवलेल्या खाचेची रेघ बघून म्हणाले, "बरं केलं, रूळवाल्या."

त्यानंतर गोविंदा रोज सकाळी पट्टी पालथी करून दोन रेघा ओढी, मगच कामाला लागे. ही सवयही कामापुरती राहिली नाही. मी कुणाबद्दल वाकडं बोललो की तो म्हणे, "आता पालथी करून पाहा, गुरुजी. तो तुमच्याबद्दल काय म्हणत असंल?" या एका वाक्याने माझी कितीतरी भांडणं बारगळली. काही भांडणं मला हवी होती, पण इलाज नव्हता.

काही वर्षांनी माझी नेरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तर गोविंदाच्या छपरीत पांडोबा उभे होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्या बगलेत एक फळी होती.

"देवघराचं झाकण हाये," ते म्हणाले. "सरकतं पाह्यजे. लाव तुही राजूरची गाडी."

गोविंदाने पट्टी काढली. एक रेघ ओढली, पालथी करून दुसरी ओढली. पांडोबा खाली वाकले. दिसत काहीच नव्हतं, तरी त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"झाली का एक?"

"एकच हाये, काका."

पांडोबांनी मान हलवली, फळी मांडली आणि पट्टीचं एक टोक चाचपून दाबून धरलं.

"धर मंग तिकडून," ते म्हणाले, "मिस्त्री."

गोविंदाने शिकंजा हातात घेतला आणि त्याला तो आवळताच येईना. "हाताचा भरवसा नाई, गुरुजी," तो म्हणाला. माझी मोटार सुटायची वेळ झाली होती, पण मी पिशवी खाली ठेवली आणि शिकंजा आवळला.