अंगणातला कॅमेरा

मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. सिग्नलला गाडी थांबली की माझा पाय हलायला लागतो, शेवटचा घास तोंडात असतानाच मी ताट उचलतो. बायको शनिवार पेठेतली, तिथल्या जिभेसकट आलेली. लग्नानंतर महिन्याभरातच ती म्हणाली होती, "तुझ्या पायाला भिंगरी आहे. पोचत मात्र कुठेच नाहीस." तेव्हा मी हसलो होतो.

आई आणि आबा गावाकडे राहतात. कात्रज मागे टाकलं की अडीच तासांचा रस्ता. पूर्वी आम्ही दर महिन्याला जायचो, मग दोन महिन्यांनी, मग सणाला. मनाला टोचणी लागायची, आणि टोचणी लागली की मी काहीतरी विकत आणतो. गेल्या पावसाळ्यानंतर असाच कॅमेरा आणला आणि त्यांच्या अंगणातल्या खांबावर चढवला. पुण्यात बसून फोनवर मला अंगण दिसणार होतं, तिथलं बोलणं ऐकू येणार होतं आणि बटण दाबलं की बोलताही येणार होतं. आईला खात्री पटावी म्हणून मी गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो आणि फोनमधून म्हणालो, "आई, पदर चिखलात लोळतोय बघ." आई दचकली. पदर उचलून खोचला, खांबाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आता रोज बोलशील का रं ह्यातनं?"

"रोज," मी म्हणालो.

पहिले चार दिवस बोललोही. मग कामं सुरू झाली. सकाळी साडेसातला मी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये असायचो. शेजारी कोणीतरी डुलक्या घेत असायचं, म्हणून आवाज बंद ठेवून मी दहा सेकंद अंगण बघायचो. आई दिसली की फोन खिशात. अंगणात काही हललं की फोन वाजायचा, पण आईच्या कोंबड्या दिवसातून चाळीसदा हलायच्या, म्हणून ती सूचनाही मी बंद करून टाकली. आईचे ओठ हलताना दिसायचे. त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, आई म्हशीशी बोलते, कोंबड्यांशी बोलते, चुलीत न पेटणाऱ्या लाकडालाही चार शब्द सुनावते.

आणि मग एके दिवशी आई दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंगणात कोंबड्या, कडेला आबांची सायकल, आई कुठेच नाही. फोन केला. घरात फोन एकच, आणि तो कायम आबांच्या खिशात. "बरी हाय की," आबा म्हणाले. "काय धाड भरलीय तिला!" आईला फोन दिला, तर "बरी हाय" एवढंच म्हणून तिने तो परत केला. आठवडा गेला. मी मीटिंगमध्ये टेबलाखाली अंगण बघायचो, लिफ्टमध्ये बघायचो, दात घासताना बघायचो. दहाव्या दिवशी बायको म्हणाली, "एवढं बघतोयस, तर आता जाऊनच बघ ना."

शनिवारी निघालो. मी, बायको आणि आमची दहा वर्षांची मुलगी. कात्रजला नेहमीप्रमाणे गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मी हॉर्न वाजवत राहिलो, लेन बदलत राहिलो आणि वीस मिनिटांनी पुन्हा त्याच टेम्पोच्या मागे आलो. "बाबा, आज्जीला काय झालंय?" मुलीने विचारलं. "काही नाही," मी खेकसलो. ती खिडकीबाहेर बघायला लागली, आणि मला माझाच राग आला.

पोचलो तर घराचं पुढचं दार आतून बंद. आई परसाकडून वळसा घालून आली, धडधाकट, हाताला पीठ. जीव भांड्यात पडला. तिने नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायावर पाणी घातलं. मला म्हणाली, "आलास?" आणि पुन्हा चुलीकडे गेली.

जेवणं झाली. आई धड दिसतेय म्हटल्यावर माझी दुसरी चुळबूळ सुरू झाली. चारच्या आत निघालो तर कात्रजची संध्याकाळची गर्दी चुकणार होती. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. समोर आबा आणि नात पत्ते खेळत होते. नात आबांच्या डाव्या बाजूला सरकून पत्ता पुढे धरून बसली होती आणि आबा सरळ समोर बघत होते. "आबा, मी इकडे आहे ना!" ती म्हणाली. आबांनी अख्खी मान वळवली आणि हसले. "चेष्टा केली तुझी." चहा ओतताना त्यांनी बशीच्या बाहेर ओतला, तेव्हाही हसले. हे सगळं मी माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलं. आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

आई परसात भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. "आई, पुढच्या अंगणात का येत नाहीस? काळजीने वेड लागायची पाळी आली माझ्यावर."

"व्हय का?" आई राखेने पातेलं घासत राहिली. "तुला समदं सांगून झालं माझं. तू ऐकून घेतलंस आन् गप बसलास. म्हटलं, न्हाय त्याच्या मनात. मग कशाला उभं ऱ्हायाचं त्या खांबापुढं भिकाऱ्यावानी?"

"काय सांगितलंस? कधी?"

आईने हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं. "रोज," ती म्हणाली. "हे डेअरीवर दूध घालाया गेलं की. फोनवर बोलाया येत न्हाय, हे शेजारीच बसत्यात. पोरास्नी काय सांगायचं न्हाय म्हणून गळ्याची आन घातलीया."

मी गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या. कॅमेऱ्याच्या कार्डावर गेल्या महिन्याभरातली सकाळ न् सकाळ साठलेली होती. मी मागे जात राहिलो आणि त्या पहिल्या चार दिवसांनंतर प्रथमच आवाज सुरू केला.

आई खांबासमोर उभी. "ऐकतोस का? ह्यांचा डावा डोळा लाल झालाय. रातचं दुखतोय म्हणत्यात. दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय. तू ये, डाक्टरला दाव. म्या सांगितलं म्हणू नगंस." ती थोडी थांबते. उत्तराची वाट बघते. मग मागे वळून जाते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, जरा मोठ्याने, खांबाच्या आणखी जवळ येऊन. तिसऱ्या दिवशी, "कामात असशील. सवडीनं सांग." पुढे एका सकाळी, "आज हे ठेचाळून पडलं. पिशवी भरून ठिवलीय म्या ह्यांची." मग दोन दिवस नुसतीच उभी राहून गेली. शेवटच्या सकाळी तिने तोंडही उघडलं नाही. पदराने कॅमेऱ्याची काच पुसली, धुळीमुळे मला ती दिसत नसेल असं तिला वाटलं असावं, आणि ती फ्रेममधून निघून गेली.

ह्या सगळ्या सकाळी मी पाहिलेल्या होत्या. दहा दहा सेकंद, बसमध्ये बसून. आई दिसतेय, ठीक आहे. मला रडू आलं नाही. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की दार उघडून बाहेर यायचं होईना. शेवटी बायको आली आणि काचेवर टकटक केली. मी तिला फोन दिला. तिने दोन सकाळी ऐकल्या आणि म्हणाली, "आबांना आजच घेऊन निघू."

आबा यायला तयार होईनात. "म्हशीची धार कोण काढणार?" असं म्हणत त्यांनी आईकडे डोळे वटारले. आता त्यातला एकच डोळा वटारत होता हे मला दिसलं.

"मी काढीन," आई म्हणाली. "आन मोडली तर मोडली. तुमी निघा." आत खुंटीवर पिशवी होतीच. दोन धोतरं, सदरे, पंचा, औषधाच्या जुन्या चिठ्ठ्या. इतक्या दिवसांची धूळ आईने हाताने झटकली.

सोमवारी सकाळी पुण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत गेलेला. उजव्या डोळ्याला धोका होता, पण तो वाचणार होता, त्याचे उपचार तिथेच सुरू झाले. "डाव्याची गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दुखायला लागलं तेव्हाच आणायला हवं होतं." त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर बाकावर येऊन बसलो. आबा म्हणाले, "घरी सांगू नगंस हां. तिच्या जिवाला घोर लागंल. म्हणावं, थेंब दिल्यात, समदं बरं हाय."

मी "हो" म्हणणार होतो. आमच्या घरात अशी माणसं एकमेकांना जपत आलीत. आबांनी आईला सांगितलं नसतं, आईने आबांसमोर मला सांगितलं नसतं, आणि मी तर जपण्यासाठी कॅमेराच लावला होता.

तेवढ्यात फोन वाजला. अंगणात काही हललं की येणारी ती सूचना मी शनिवारीच सुरू केली होती, आणि सकाळपासून सतरा वेळा कोंबड्या पाहून झाल्या होत्या. ही अठरावी वेळ. आई होती. पुढचं दार उघडं होतं आणि ती खांबासमोर उभी होती. आवाज सुरू होता.

"काय म्हणला डाक्टर?" तिने विचारलं.

आबांनी मान हलवली. नको. माझा पाय हलत होता. मी तो जमिनीवर दाबून धरला आणि बटण दाबलं.

"आई, ऐकतोय मी," मी म्हणालो. "डावा डोळा गेला. उजवा वाचेल. तू वेळेवर सांगितलं होतंस."

कोंबड्या आईच्या पायाशी दाणे शोधत होत्या. मग ती आत गेली, पाट घेऊन आली, खांबासमोर मांडला आणि त्यावर बसली.

"आता पैल्यापासनं सांग," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाय."