मंजुळाक्कांचं घर आणि शाळेचं कुलूप

पडदा वर जातो. गिरणाकाठच्या एका कन्याशाळेचं आवार. एप्रिलातली सकाळची शाळा, ऊन आत्ताच पांढरं पडलेलं. उजवीकडे कडुनिंब आणि त्याचा पार. डावीकडे मुख्याध्यापिकांच्या खोलीची खिडकी, आणि तिच्याआड उभ्या वृषालीबाई. नजर पारावर. पारावर सत्तरी ओलांडलेली एक बाई, अंगावर सुती साडी, पायात कापडी बूट, मांडीवर पर्स घट्ट धरलेली.

या मंजुळाबाई बिऱ्हाडे. याच शाळेत शिकलेल्या. धुळ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढलेल्या. मूलबाळ नाही. आपल्या पश्चात धुळ्यातलं घर शाळेला द्यायचं, असं सांगायला आल्या होत्या.

वृषालीबाईंचा काही विश्वास बसेना. मागे एका सद्गृहस्थांनी शाळेला थंड पाण्याचं मशीन दिलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो निघाला आणि चारच दिवसांत त्यांच्या सुनेचा नोकरीचा अर्ज टेबलावर येऊन पडला. साध्या मशीनमागे सून, तर अख्ख्या घरामागे कोण असेल?

“बाई, हाई म्हातारी फुकट देनारी दिसत नही,” शिपाई भागाबाई कानाशी लागली. “मांगे कोनी तरी सून शे.”

“अहो, त्यांना मूलच नाही. सून कुठून येणार?”

“मंग भाची व्हई!”

शाळा सुटली. मुलींचा लोंढा फाटकाकडे निघाला, तशा मंजुळाबाई उठल्या. एकीला थांबवलं, दप्तराच्या खिशातली पाण्याची बाटली काढली, हातात तोलली, परत ठेवली. मग दुसरीची. मग तिसरीची. वृषालीबाई तरातरा बाहेर आल्या.

“हे काय चाललंय, अक्का? मुलींच्या सामानाला हात लावू नका.”

“सगळ्या भरलेल्या आहेत. घरून आणल्या तशाच परत चालल्यात. एवढ्या उन्हात पोरी पाणी का पीत नाहीत, बाई?”

वृषालीबाईंना कारण ठाऊक होतं. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? मागच्या बाजूला नवं स्वच्छतागृह होतं, गुलाबी फरशीचं, आरसा लावलेलं. पण त्याला कुलूप. तपासणीला साहेब लोक आले की चकचकीत दिसावं, म्हणून ते राखून ठेवलेलं. किल्ली भागाबाईच्या कमरेला. मुलींच्या वाट्याला जुनं, बिनदाराचं.

“उघडा ते,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“उघडते की! आठ दिवसांत तुंबेल. साफ करायला माणूस नाही, टाकीत पाणी नाही. तपासणीत तेच दिसलं की अनुदान अडकतं. मी काय मुलींची वैरीण आहे?”

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, दवाखान्यात पेशंट खरं बोलतोय का ते बघावं तसं. मग पारावर टेकल्या.

“मीही घरून निघाले की पाण्याला शिवत नसे. एका झेंडावंदनाला धाडकन पडले. सगळ्या म्हणाल्या, गरिबाघरची आहे, उपाशी असेल. कुणीतरी केळं दिलं. पाणी कुणी विचारलं नाही. पुढे दवाखान्यात अशाच पोरी यायच्या, जळजळ घेऊन, ताप घेऊन. घराच्या भाड्यातून साफसफाईला बाई ठेवा, टँकर मागवा. बस, एवढ्यासाठीच देते.”

“आणि तोवर?”

“तोवर काय, मी मरायची वाट बघणार?”

वृषालीबाईंना हसू आवरलं नाही. दुसऱ्याच दिवशी शिक्षिकांनी वर्गणी काढून साफसफाईची आणि टँकरची सोय केली. भागाबाईनं किल्ली दिली खरी, पण माहेरचा दागिना काढून द्यावा तशा तोंडानं.

एवढ्यात विंगेतून संस्थेचे अध्यक्ष पितांबर आबा आले. “अक्का, संडासावर कुठं घर खर्ची घालता? तुमच्या नावानं सभागृह बांधू. मोठ्ठं!”

आता संशयाची पाळी मंजुळाबाईंची. त्या न कळवता धुळ्याहून एस.टी.नं येऊ लागल्या. कधी परीक्षेत, कधी भर श्रावणात. बाटल्या तोलायच्या, मागे जाऊन दार ढकलून बघायच्या आणि चहाही न घेता परत जायच्या. बाटल्या हलक्या लागू लागल्या, तरी कपाळावरची आठी काही सुटेना.

शेवटी मृत्युपत्र झालं. घर शाळेला. पण शाळेच्या वेळेत स्वच्छतागृहाला कुलूप दिसलं, किंवा पैसा दुसरीकडे वळला, तर घर भाचा राजदीप याचं. राजदीप धुळ्यात प्लॉटांचे व्यवहार करणारा, त्याचा त्या घरावर कधीपासून डोळा. मंजुळाबाईंनी ही अट त्याला स्वतः बोलावून, जेवू घालून समजावली.

तेव्हापासून राजदीपची मोटरसायकल फाटकाबाहेर थांबू लागली.

“मावशी, लागलं का कुलूप?” तो भागाबाईला विचारायचा.

“उघडं शे, भाऊ, उघडं शे!” भागाबाई आतून ठणकावून सांगायची. त्याचं तोंड पडलेलं पाहायला ती हातातलं काम टाकून धावत यायची. आबांच्या सभागृहाचाही विषय मग परत निघाला नाही.

दिवाळीनंतर मंजुळाबाई गेल्या. घर शाळेकडे आलं आणि राजदीपच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. वृषालीबाईंच्या मनात मात्र एक सल राहिला होता. मंजुळाबाई शेवटच्या आजारात दवाखान्यात असताना त्यांनी फोनवर तो बोलूनही दाखवला होता. “अक्का, आम्ही एवढं केलं, तरी आमच्यावर भरोसा नाही? वर भाच्याला पहाऱ्यावर बसवलंत?”

पलीकडे आधी खोकला आला, मग हसू. नर्सबाईंची शुद्ध मराठी बाजूला पडली आणि घरची बोली ओठांवर आली.

“तुमनावर भरोसा शे ना, बाई. पन त्याना लोभवर जास्ती शे.”