आतून उघडलेली भेट

“थांबा हो, वस्तू कुठे पळून जातेय? अजून उघडणाऱ्याचा वेळ बांधायचाय.”

गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी गुंडाळमास्तर हे ऐकवायचेच. वह्या-पेनं आणि भेटवस्तूंच्या दुकानात मागच्या बाजूला त्यांचं एक लांबट टेबल होतं. त्यावर कात्री, खळीचा डबा, सुतळीची गुंडी आणि फितींचा ढीग. लोक पुढे वस्तू घेत आणि मागे येऊन मास्तरांच्या हवाली करत. तरुणपणी त्यांनी काचेच्या कारखान्यात बाटल्या पेंढ्यात बांधल्या होत्या. वस्तू न फुटता पोचली पाहिजे, हे तिथे शिकले. ती पोचल्यावर घरात आनंद झाला पाहिजे, हे मात्र त्यांचं त्यांनीच शोधलं, कुणी शिकवलं नाही.

त्यांचं काम मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून छाती ठोकून सांगतो. छत्री त्यांनी माशासारखी बांधली होती, मूठ शेपटीत आणि टोक तोंडात. डॉक्टरांना निरोपाला दिलेली घोंगडी पांढऱ्या कापडात अशी वळली, की टेबलावर हातभर लांबीची गोळीच ठेवलीय असं वाटावं. एका बापाने सासरी निघालेल्या मुलीसाठी कोरी वही आणली. मास्तर म्हणाले, “तुमचा एखादा जुना शर्ट आणा.” वही त्या शर्टात गेली, बाह्या मागे बांधल्या, बटणं तशीच ठेवली. मुलगी एकेक बटण काढत गेली आणि चौथ्या बटणापर्यंत पोचायच्या आत घरातले सगळे रडायला लागले. वही कोरी आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

असा हा माणूस एका ठिकाणी मात्र दरवर्षी हरायचा. त्यांच्या थोरल्या बहिणीपुढे.

अक्का पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होत्या. एकतीस वर्षं लोकांची पार्सलं उचलून काट्यावर ठेवायची. पुढे पुढे काटा नुसता साक्षीला उरला. पार्सल हातात घेतलं की अक्का वजन सांगायच्या आणि काटा मागाहून मान हलवायचा. नुसतं वजनही नाही, आत काय आहे तेही. मास्तर दर वाढदिवसाला भेट घेऊन जात. अक्का ती तळहातावर तोलत, कानाजवळ नेत, अंगठ्याने एक कोपरा दाबत.

“पाचशे साठ ग्रॅम. काच. बुडाला जड, वर पोकळ. फुलदाणी. घे धाकट्या, आता तूच उघड. मी चहा टाकते.”

आपल्याच हाताने बांधायचं आणि आपल्याच हाताने सोडायचं. बावीस वर्षं असं चाललं होतं. एका वर्षी मास्तरांनी लोकरीच्या शालीत चक्क वीट घातली.

“वीट आहे,” अक्का म्हणाल्या. “आणि विटेला थंडी वाजू नये म्हणून शाल. रंग कुठला तेवढं सांग.”

पुढच्या वर्षी खोक्यात खोकं, त्यात खोकं.

“सात खोकी आणि एक हातरुमाल. खोकी चांगली आहेत रे, ठेवून जा.”

मास्तर हसायचे, पण घरी आले की दोन दिवस त्यांना जेवण गोड लागायचं नाही. त्यांची बायको, म्हणजे आमच्या गल्लीची वहिनी, म्हणायची, “अहो, सगळं गाव तुमच्या गाठी सोडताना नाचतं. एक बाई नाही नाचली तर काय बिघडलं?”

“तिनेच नाचायला हवं,” मास्तर म्हणायचे. “लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्या तिने बांधल्यात. तिला एकदा, फक्त एकदा, माझी भेट स्वतःच्या हाताने फाडताना मला बघायचंय.”

साठाव्या वाढदिवसाला अक्का निवृत्त होणार होत्या. त्यांनी आधीच बजावलं, “धाकट्या, हा शेवटचा डाव. खिडकी सुटली की माझे हातही सुटले. पुढच्या वर्षी कोपरा दाबून मला काही कळेनासं झालं, तर तू दया दाखवशील. ते मला नको.”

आता आली का पंचाईत! भेट तर मास्तरांनी घेऊन ठेवली होती. लाल रंगाची तीनचाकी सायकल, मागे टोपली. उभं राहून राहून अक्कांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि त्या गल्लीबाहेर जाईनाशा झाल्या होत्या. पण सायकल बांधायची कशी? कशातही घाला, चाक ते चाकच. पंधरा दिवस मास्तर दुकानात हरवल्यासारखे वागले. एका गिऱ्हाइकाची टोपी त्यांनी मुकाट्याने साध्या चौकोनी खोक्यात घातली. लोक घाबरले.

मग एका दुपारी दुकानाला रंग द्यायला रंगारी आला. मास्तर बाहेर पायरीवर आपल्याच विचारात फिती कापत बसले. आत शिंतोडे उडू नयेत म्हणून त्याने दाराच्या चौकटीवर वरपासून खालपर्यंत कागद चिकटवला. आत मालक बिलं लावत बसलेत, हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. जरा वेळाने आतून आवाज आला, “अरे, कोण आहे बाहेर? मला सोडवा!” आणि कागदातून मालकांचं डोकं बाहेर आलं, चष्म्यासकट.

मास्तरांनी हातातली कात्री टाकली आणि अशी टाळी वाजवली, की रंगारी शिडीवरून उतरून खाली बसला.

अक्कांच्या वाढदिवसाला उजाडायच्या बेताला आम्ही तिघं त्यांच्या दारी होतो. मास्तर, वहिनी आणि शिडी धरायला मी. अक्का एकट्या राहत. दोन खोल्या, एकच दार, तेही आत उघडणारं. बाजूला गज लावलेली खिडकी. आधी खिडकी झाकली. मग दाराच्या चौकटीवर जाड तपकिरी कागद, त्यावर निळा, त्यावर मास्तरांनी रात्री जागून कापलेली पिवळी नक्षी. वहिनीने जुन्या पडद्याची वीतभर रुंद फीत शिवली होती. ती आडवी-उभी ताणून मास्तरांनी मधोमध गाठ मारली. गाठ कसली, कमळच ते! खळीचा वास, सकाळचा गारवा. दूधवाला आला, कॅन खाली ठेवून बघतच राहिला.

“आज दूध कुठून देऊ?”

“श्शू! आज बाई पार्सलमध्ये आहेत.”

तो गेलाच नाही. त्याच्यामागून अर्धी गल्ली गोळा झाली, दात घासत, केस विंचरत. सायकल अंगणात उभी होती. तिला एक दोराही बांधला नव्हता.

आत कडी वाजली. दार उघडल्याचा आवाज आला.

“धाकट्या,” आतून अक्का म्हणाल्या.

वहिनीने कोपर मारलं तेव्हा मास्तर म्हणाले, “काय, अक्का?”

“कागद उलटा लावलास. मला इथून खळीचे ओघळ दिसतायत. आणि गाठ बाहेर आहे वाटतं?”

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. सगळं आयुष्य भेटीचं बाहेरचं अंग सजवण्यात गेलं होतं. आज उघडणारं माणूस आत आहे, हे ठाऊक असूनही हातांनी सवयीने काम केलं होतं. नक्षी आमच्या वाट्याला आणि ओघळ अक्कांच्या! त्यांनी कपाळावर हात मारला, खळीसकट.

“मेलो,” ते पुटपुटले. “हेही ओळखेल आता ती.”

कागदावर आतून एक हात टेकला. पाच बोटं उमटली. हात सरकत डावीकडे गेला, उजवीकडे गेला, कोपरा शोधत राहिला. कोपरा होता चौकटीच्या पलीकडे.

“जाड कागद आहे. तीन पदरी,” अक्का म्हणाल्या. “पण उचलायचं काय यात? वजन कशाचं करू?”

“तू सांग.”

“अरे, पण आत आहे काय?”

मास्तर कागदाजवळ सरकले. “आत तू आहेस, अक्का.”

मी शिडी घट्ट धरून उभा होतो, शिडीवर कुणी नसताना. आता त्या “तूच उघड” म्हणाल्या, की संपलं सगळं. मास्तर तर डोळे मिटूनच उभे होते.

“अहो, डोळे उघडा!” वहिनी ओरडली. “तुम्हालाच बघायचं होतं ना!”

फट्! निळ्या कागदातून एक बोट बाहेर आलं. मग दोन. मग आख्खी मूठ, आणि त्या मुठीने वरपासून खालपर्यंत असा टरकन कागद फाडला, की फीत तुटून दूधवाल्याच्या कॅनवर पडली. अक्का फाडत होत्या आणि हसत होत्या. केस सुटलेले, कानावर पिवळी नक्षी चिकटलेली. साठ वर्षांची बाई दोन्ही हातांनी कागदाचे तुकडे उडवत उंबरा ओलांडून बाहेर आली.

“नाही ओळखलं!” त्या ओरडल्या. “ऐका रे सगळे, मला नाही ओळखता आलं!”

गल्ली नाचायची तेवढी बाकी होती, तीही नाचली. अक्कांची नजर मग सायकलकडे गेली.

“ही कुणाची?”

“तुझीच. ती बांधायची राहिली.”

“बरंच झालं,” अक्का म्हणाल्या आणि पदर खोचून सीटवर बसल्यादेखील. पॅडल मारताच सायकल तिरकी पळाली आणि शेजारणीच्या कुंडीला धडकली. शेजारीण म्हणाली, “कुंडी गेली तर जाऊ दे, पण ब्रेक शोधा!”

मास्तर दारापाशी उभे होते. फाटक्या कागदाची कड त्यांनी बोटाने चाचपून पाहिली. कागद कसाही वेडावाकडा फाटला होता, कुठे सरळ नाही, कुठे घडीवर नाही. दुसऱ्या कुणी असं फाडलं असतं तर त्यांनी चार शब्द सुनावले असते.

“चहा घेऊन जा,” अक्का लांबून ओरडल्या.

“आज बसवत नाही मला,” मास्तर म्हणाले आणि निघाले. खळीने भरलेले हात शर्टापासून लांब धरून, भर गल्लीतून. जो भेटेल त्याला थांबवून सांगत होते, “फाडला! तिने स्वतः फाडला!” ज्याने समोर उभं राहून पाहिलं होतं, त्यालाही सांगत होते. वळणावर तर त्यांनी चक्क एक उडी मारली.

अक्का सायकलवर बसल्या होत्या, एक पाय जमिनीवर टेकवून. ते वळणाआड दिसेनासे होईपर्यंत त्या बघत राहिल्या.