अंदमानचं विमान आणि आईंचा डोळा

आज सकाळी आमचं विमान होतं... नागपूरहून चेन्नई आणि तिथून पोर्ट ब्लेअर. आत्ता खरं तर आम्ही ढगांच्या वर असायला हवं होतं. त्याऐवजी मी प्रताप नगरच्या घरात वरणाला फोडणी देऊन हे लिहायला बसलेय.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही चौघं मिळून असे फिरायला कधीच गेलो नव्हतो. चौघं म्हणजे मी, माझा नवरा प्रशांत, आमची नववीतली सई आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. आमची सुट्टी म्हणजे कुणाचं तरी लग्न, नाहीतर गावाकडचं, खाप्याचं शेत. यंदा प्रशांतला मिहानमधल्या त्याच्या कंपनीत सलग रजा मिळाली आणि सईने धोशाच लावला... अंदमान!

आम्हाला वाटलं, आई नाही म्हणतील. त्यांनी कन्हान नदीच्या पुराहून मोठं पाणी कधी पाहिलेलं नाही. पण झालं उलटंच... त्यांनी खाप्याच्या ओळखीच्या शिंप्याकडून आयुष्यातला पहिला पंजाबी ड्रेस शिवून आणला. म्हणाल्या, "साडी ओली झाली का पायात अडकते वं. मले लाटांमधी उभं राहाचं हाये."

मग रोज संध्याकाळी हॉलमध्ये प्लॅनिंग. हॅवलॉक बेटावर किती दिवस राहायचं, काचेच्या तळाच्या बोटीत बसायचं का, जहाजात मळमळलं तर काय करायचं...

आणि प्रशांतचं एकच पालुपद. "यंदा नाही तर मग नाहीच. पुढच्या वर्षी सईची दहावी, मग अकरावी-बारावी... कोण जातंय!" तो सहज बोलायचा. आई ते किती मनावर घेत होत्या, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

अशाच एका संध्याकाळी सई आजीला मोबाईलवर समुद्री कासवाचा व्हिडिओ दाखवत होती. आईंनी मोबाईल पार डावीकडे धरला आणि मान वाकडी करून बघायला लागल्या. मला ते विचित्र वाटलं. मी गमतीगमतीत त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला.

"आता सांगा आई, कासव दिसतंय?"

त्या हळूच म्हणाल्या, "अर्धंच दिसते. खालून काळं आलं हाये."

आधी म्हणे डोळ्यापुढे मच्छर उडाल्यासारखं व्हायचं. मग कडेला वीज चमकल्यासारखं. आठवडा उलटून गेला होता आणि त्या आमच्यासोबत बसून बोटींचे फोटो बघत होत्या...

"आई, काहून नाही सांगितलं?" प्रशांतचा आवाज चढलाच.

"सांगतलं असतं तर तू तिकिटं कॅन्सल केली असती गा. आल्यावर दाखवणारच होती मी."

प्रशांतने लगेच फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. अगदी सुरुवातीला आल्या असत्या तर कदाचित लेझरवर भागलं असतं, असं त्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या... ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तातडीने ऑपरेशन झालं. पडदा जागेवर बसावा म्हणून डोळ्यात गॅस भरला.

शुद्धीवर... म्हणजे पट्टी वगैरे होऊन खोलीत आल्यावर आईंचा पहिला प्रश्न डोळ्याबद्दल नव्हताच. "डॉक्टर मॅडम, विमानात कधी बसता येईन?"

"आजी, गॅस विरेपर्यंत विमानाचं नावच काढायचं नाही. उंचावर तो फुगतो, डोळा कायमचा जाईल."

घरी येताना रिंग रोडच्या सिग्नलला आई म्हणाल्या, "तुम्ही तिघं जाऊन या. मी राहते धाकटीकडे." धाकटी म्हणजे माझी नणंद. घरी पोचल्यावर प्रशांतने चौघांचीही तिकिटं कॅन्सल केली.

मग गॅस पडद्याला टेकून राहावा म्हणून पालथं झोपण्याचे दिवस. जेवण सोडलं तर तोंड सतत खाली. सई शाळेतून आली की आजीच्या पलंगाच्या कडेला जमिनीवर उताणी पडायची, म्हणजे दोघींना एकमेकींचं तोंड दिसायचं. शाळेतल्या सगळ्या भानगडी तिने तशाच सांगितल्या.

आता आईंना उठून बसायची परवानगी आहे. आज सकाळी गॅलरीत चहा घेताना त्यांनी मला हाक मारली. "रश्मी, गंमत सांगू? या डोळ्यात खाली पाणी हलून राहिलं. सरळ रेघ हाये एक. मान हलवली का लाटा येतात."

गॅस कमी होत आला की असं दिसतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी विचारलं, "आणि वर काय दिसतं?"

"उजेड. धुकट धुकट..." मान पुन्हा हलवून त्यांनी विचारलं, "समुद्र असाच असते का वं?"

शेजारी बसलेली सई म्हणाली, "आजी, याच्याहून खूप खूप मोठा." आई हसल्या. मी कप घेऊन आत आले.

उजव्या डोळ्याने पूर्वीसारखं दिसणार नाही, हे आम्हाला सांगून ठेवलंय. अंदमानला आम्ही जाऊ, नक्की जाऊ... पण आई तो समुद्र आता एकाच डोळ्याने नीट बघतील.

तुमच्या घरातलं वयस्कर माणूस "काही नाही, चष्म्याचा नंबर वाढला असंल" म्हणालं, तर त्याच दिवशी दाखवून आणा. समुद्र कुठे पळून जात नाही... एवढं एक वाक्य आमच्यापैकी कुणीतरी आईंना वेळेवर म्हणायला हवं होतं.